विद्याहरणाचा आरोप

'नक्कल' हा शब्द आपल्या सुशिक्षित समाजात जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी वर्गाबाहेर काढला जातो, नकली नाणे पाडणारा तुरुंगात जातो, नकली दागिन्याची शेजारीपाजारी कुजबूज होते. आणि या तिरस्कारास काही ना काही सबळ कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शब्दाला एकदा शिवीचे रूप आले म्हणजे मनुष्य विचाराचे श्रम टाळतो आणि तो शब्दच उचलून फेकून मारू लागतो. नांदेड व लातूर या दोन शहरांतील काही महाविद्यालयीन मुलांच्या बाबतीत अलीकडे नेमके हेच घडताना आम्ही पाहत आहो. या मुलांवर ठेवण्यात येणारा आरोप निराधार आहे, इतकेच नव्हे तर तो ठेवणारांच्याच अंगाला अधिक चिकटतो, असे आमचे मत आहे. आणि ते आडपडदा न ठेवता मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या मुलांचा अपराध असा. ती विजेवर चालणारी गिटार वाजवितात. गिटारीचा स्वर ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वी वाटेतच त्याचा रंग बदलावा म्हणून वादक आपल्या पायाशी एक लहानशी धातूची पेटी ठेवतो. ती पायाने दाबून चालू-बंद करावयाची असल्यामुळे तिला 'पेडल' असे नाव पडले आहे. या पेट्यांपैकी काही नामांकित पेट्या आता निघत नाहीत. ज्या मोजक्या उरल्या आहेत त्यांची किंमत सामान्य प्राध्यापकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी आहे. ही मुले अशा दुर्मिळ पेट्यांचे विद्युत्-आराखडे मिळवितात. हैदराबादेच्या कोठी भागातील गुजराती गल्लीतून, पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणवितात. आणि झिरो पीसीबीवर एकेक भाग बसवून, कथिलाचा डाख देत, स्वतःच्या हाताने तशीच पेटी तयार करतात. खर्च हजार-दीड हजार रुपये. पत्र्याचा एखादा जुना डबा घरातच मिळाला तर त्याहूनही कमी.

यावर आक्षेप तीन. पहिला नीतीच्या कैवाऱ्यांचा: ही चोरी आहे; ज्याने डोके चालविले त्याचे फळ दुसऱ्याने फुकट खावे, हे बरे नव्हे. दुसरा कलेच्या कैवाऱ्यांचा: हे आंधळे अनुकरण आहे, वाद्य परके, सूर परके, आणि वर पेटीही दुसऱ्याचीच उतरविलेली, यात या मुलांचे स्वतःचे ते काय? तिसरा पालकांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. "पोरगं रात्र-रात्र तारा जोडत बसायलंय सर, परीक्षा कोण देणार?" असे एक सद्गृहस्थ आम्हास विचारते झाले. या तिन्ही आक्षेपांचा परामर्श घ्यावयाचा, तर ही पेटी म्हणजे काय आणि तिचा उगम कसा झाला, हे आधी पाहणे इष्ट होईल.

गिटारीच्या स्वराला खरखर आणणारी जी पहिली पेटी बाजारात आली, तिचा जन्म एका बिघाडातून झाला. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताचे नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रण चालले असता मुद्रणयंत्राचा एक भाग नादुरुस्त झाला, आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा मंद्र स्वर फाटून भलताच घोगरा निघाला. दुसऱ्या कोणी तो तुकडा टाकून दिला असता. ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने तो ठेवला. पुढे तोच बिघाड मुद्दाम आणि हवा तेव्हा कसा घडवून आणता येईल याचा त्याने शोध घेतला, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने त्याची पेटी विक्रीस काढली. म्हणजे ज्या घराण्याच्या 'मूळ' कृतीबद्दल एवढा आदर दाखविण्यात येतो, त्या घराण्याचा मूळ पुरुष हाच एक नक्कल आहे, आणि तीही एका मोडक्या यंत्राची!

पुढची वंशावळही याच वळणाची आहे. १९६५ साली लंडनच्या गॅरी हर्स्ट यांनी ही अमेरिकन पेटी समोर ठेवून आपली 'टोन बेंडर' बनविली. १९६६ साली आर्बिटर कंपनीची 'फझ फेस' निघाली. तिचा आराखडा टोन बेंडरच्या एका अवताराशी इतका मिळताजुळता आहे की दोहोंमधील नाते कोणाही जाणत्याच्या ध्यानात यावे. जिमी हेंड्रिक्सने ज्या पेटीवर पाय ठेवून जगाला थक्क केले ती हीच. ध्वनिवर्धकांची गोष्टही निराळी नाही. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२-६३ च्या सुमारास जो पहिला मार्शल ध्वनिवर्धक तयार झाला, तो अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या 'बासमन' या ध्वनिवर्धकावरून जवळजवळ जसाच्या तसा घेतलेला होता. परंतु इंग्लंडात मिळणारे भाग वेगळे, कर्णे वेगळे, त्यामुळे स्वर वेगळा निघाला, आणि त्या वेगळ्या स्वरावर एक संपूर्ण संगीतपरंपरा उभी राहिली. आज मार्शल यांस कोणी चोर म्हणत नाही. त्यांच्या ध्वनिवर्धकाचेच आराखडे आता दुसरे लोक उतरवीत असतात.

या पार्श्वभूमीवर आपल्या आक्षेपकांचे जे लाडके उदाहरण, त्याकडे वळू. अमेरिकेतील बिल फिनेगन या एकट्या कारागिराने काही वर्षे खपून, जाणत्या अभियंत्यांचे साहाय्य घेऊन, 'क्लॉन सेंटॉर' नावाची पेटी सिद्ध केली. १९९४ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षांत त्याच्याकडून अशा आठ हजारांच्या आसपास पेट्या निघाल्या. आतील रचना कोणास दिसू नये म्हणून त्याने तिच्यावर राळेसारखा घट्ट लेप ओतून ठेवला होता. पेट्या निघणे थांबल्यावर जुन्या पेट्यांचे भाव चढत गेले. आज एकेक पेटी पाच हजार डॉलरांच्या वर, म्हणजे चार लाख रुपयांहून अधिक किमतीस जाते. मध्यंतरी कोणी तरी तो लेप फोडला, आतील मांडणी उतरवून घेतली आणि सर्वांसमोर ठेवली. आत काय निघाले? कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या दोन चिपा, नऊ व्होल्टांचा दाब वाढवून देणारी आणखी एक चिप, जर्मेनियमचे दोन डायोड आणि काही रोध व धारित्रे. भाग सारे बाजारी. अस्सल होती ती मांडणी. एवढ्या साध्या साहित्यातून एवढा गोड परिणाम साधणाऱ्या मनुष्याविषयी आमच्या मुलांचा आदर हा आराखडा पाहून वाढला, कमी झाला नाही, ही गोष्ट आक्षेपकांनी ध्यानात ठेवावी.

आता पहिला आक्षेप: चोरी. चोरी म्हणजे एकाची वस्तू नाहीशी होऊन ती दुसऱ्याकडे जाणे. नांदेडच्या मुलाने आपल्या खोलीत पेटी बांधल्याने फिनेगनचे काय नाहीसे झाले? तो चार लाख देऊन पेटी घेणाऱ्यांपैकी कधीच नव्हता. आणि त्याने ते दिले असते तरी ते फिनेगनच्या हाती पडले नसते. ते पडले असते जुनी पेटी कपाटात ठेवून भावाची वाट पाहणाऱ्या साठेबाजाच्या हाती. कारागिराने पेटी विकली तेव्हा त्याला काही शे डॉलर मिळाले. वरच्या हजारोंशी त्याचा संबंध नाही. कारागिराच्या नावाने अश्रू गाळून साठेबाजाची तिजोरी राखणे, हे नीतीचे रक्षण कोणत्या शास्त्राप्रमाणे होते, ते आम्हास कळलेले नाही.

कोणी म्हणेल, कायद्याचे काय? कायदा या बाबतीत आमच्या नीतिमानांपेक्षा अधिक शहाणा आहे. कोणी नवी युक्ती काढली तर ती त्याने सर्वांसमोर उघड करावी, आणि त्या मोबदल्यात राज्याने त्याला काही ठरावीक वर्षे, आपल्याकडे वीस वर्षे, तिचा एकाधिकार द्यावा, असा पेटंटचा सौदा आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची. ज्याला उघड करावयाचे नसेल त्याने खुशाल लेप ओतावा. परंतु ज्याने आपल्या पैशाने पेटी विकत घेतली त्याने ती उघडून पाहू नये, असा दंडक त्याला घालता येत नाही. ज्यावर मालकाचा हक्क कायम राहतो ती वस्तू वेगळी: त्याचे नाव आणि त्याचे चिन्ह. २०२४ साली फिनेगन यांनी बेहरिंगर या बड्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला, तो याच कारणासाठी. कंपनीने आपल्या स्वस्त पेटीस 'सेंटॉर' हेच नाव देऊन तसाच अश्वमानव तिच्यावर चितारला होता. पुढे कंपनीस ते नाव बदलावे लागले, आणि ते योग्यच झाले. दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपविणे ही चोरीच आहे; तिचा निषेध आक्षेपकांच्या आधी आम्ही करू. परंतु आराखडा समजून घेणे ही चोरी असेल, तर शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत आपण सर्वांनीच परत करावयास हवा.

याच भेदाचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे, आणि संगीताच्या क्षेत्रातलेच आहे. सतार व तंबोरे यांच्यासाठी मिरजेचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते. ते मिरजेस कसे मिळाले? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील शिकलगार शस्त्रांस धार लावण्याचा धंदा करीत. तलवारीचे दिवस सरले, धंदा बसला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गवई-बजवय्यांची वर्दळ असे. त्यांची वाद्ये बिघडली की दुरुस्तीची पंचाईत होई. फरीदसाहेब शिकलगार या कसबी माणसाने ती दुरुस्त करण्यास घेतली, उघडता-जोडता त्यांचे मर्म जाणले, आणि मग त्याच नमुन्यावर स्वतः वाद्ये घडविण्यास आरंभ केला, असे मिरजेत परंपरेने सांगतात. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणि शिकलगारांचे हात यांचा संयोग झाला, आणि उत्तरेकडच्या वाद्याची 'नक्कल' करणारे गाव हेच पुढे त्या वाद्याचे माहेर बनले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. यात मौज ही की, या मानांकनाने मिरजेला सतार करण्याचा एकाधिकार दिलेला नाही. दिले आहे ते मिरजेच्या नावाचे संरक्षण. सतार कोणीही करावी, मिरजेची म्हणून विकू मात्र नये. विद्या सर्वांची, नाव ज्याचे त्याचे! फरीदसाहेबांच्या काळी आजचे आमचे नीतिमान मिरजेत असते, तर त्यांनी त्या गरीब कारागिराचा हात धरून त्याला पुन्हा तलवारींस धार लावण्यास धाडले असते, यात आम्हास शंका वाटत नाही.

नक्कल करून नावारूपास आलेल्या वस्तूंची यादी येथे थांबत नाही. हार्मोनियम पॅरिसच्या दबँ यांची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिचा पायांचा खटाटोप काढून हाताच्या भात्याची सुटसुटीत पेटी केली, आणि मग गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मराठी मैफलीत मानाचे पान दिले. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले होते, तरी ती घराघरांत, देवळांत आणि नांदेडच्या गुरुद्वारातील कीर्तनातही सुखेनैव नांदली. गणपतीच्या मिरवणुकीत ज्या 'बेंजो'च्या तालावर आमचे कलेचे कैवारी स्वतः पाय नाचवितात, तो जपानातील नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी काढलेल्या 'ताइशोगोतो'चा वंशज आहे; त्याच्या पट्ट्या, त्याच्या तारा, सारे तेथलेच. त्या वेळी कोणासही परकेपणाची आठवण होत नाही. आणि केवळ वाद्येच कशास? बेळगावात सायकलचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी परदेशी नांगर अभ्यासून १९०३ च्या सुमारास आपला लोखंडी नांगर ओतला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत धरून शेतकरी त्याच्याकडे फिरकत नव्हते. किर्लोस्करवाडी त्या नांगरातूनच उभी राहिली.

आणि ज्यांना या साऱ्यातही बोट ठेवावयाचे असेल त्यांनी औषधांकडे पाहावे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर एकाधिकार न देता केवळ कृतीवर दिला, आणि २००५ सालापर्यंत ती सवलत टिकली. त्या आधारे आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी परदेशी औषधे वेगळ्या कृतीने बनविण्याची विद्या आत्मसात केली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा मेळ दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीस देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर घेत होत्या. आफ्रिकेतील जे रोगी त्यामुळे वाचले, त्यांच्यापुढे उभे राहून 'हे अनुकरण आहे' असे म्हणण्याचे धैर्य आक्षेपकांनी दाखवावे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. अनुकरणात स्वतःचे काय असते? याचे उत्तर वादविवादाने देण्यापेक्षा मे महिन्यातील नांदेडने द्यावे. वर सांगितलेल्या 'फझ फेस'मध्ये जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर आणि दहाएक इतर भाग असतात. मराठवाड्यातल्या जुन्या रेडिओंतही जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. मुले ते भंगारातून शोधून आणतात. परंतु जर्मेनियमचा एक दोष असा की उष्णता वाढली की त्यातून होणारी विजेची गळती वाढते. साधारण दर दहा अंशांस ती दुप्पट होते. लंडनच्या वीस अंशांत सुरेल वाजणारी पेटी नांदेडच्या बेचाळीस अंशांत खोकू लागते, सूर मध्येच तुटतो. आराखड्यात याचा उल्लेख नसतो, कारण तो काढणाऱ्याने गोदावरीकाठचा उन्हाळा पाहिलेला नव्हता. मग मुलाला मल्टिमीटर लावून पाहावे लागते की दुसऱ्या ट्रान्झिस्टरवरचा दाब, जो बॅटरीच्या निम्म्यावर म्हणजे साडेचार व्होल्टांच्या आसपास हवा, तो कोठे सरकला. मग तो पक्का रोध काढून तेथे फिरविता येणारा प्रीसेट बसवितो. किंवा कमी गळतीचा ट्रान्झिस्टर निवडण्यासाठी पन्नास नग एकेक करून मोजतो. किंवा जर्मेनियम सोडून सिलिकॉन घालतो, आणि स्वर फार तीक्ष्ण झाला म्हणून धारित्र बदलतो. हे सारे करून जी पेटी तयार होते ती लंडनची राहत नाही. नक्कल करावयास बसलेला मुलगा नकळत नवनिर्मितीच्या उंबरठ्यावर येऊन पोचतो, कारण वस्तुस्थिती त्याला जसेच्या तसे करू देत नाही. आमच्या अनुभवात विद्युत्-शास्त्राचे जे प्रकरण वर्गात चार तासिका शिकवूनही डोक्यात शिरत नाही, ते एका खोकणाऱ्या पेटीने एका रात्रीत शिरते.

गुरूपाशी बसून गाणे शिकलेल्या कोणासही यात नवल वाटू नये. आपल्या संगीताचे सारे शिक्षण नक्कलच आहे. गुरूने घेतलेली तान शिष्याने जशीच्या तशी घ्यावयाची, वर्षानुवर्षे घ्यावयाची, आणि कधी तरी आपला गळा गुरूचा नाही हे कळून त्यातून आपली वाट काढावयाची. नक्कल ही कलेची पहिली इयत्ता आहे. त्याच इयत्तेत जन्मभर बसून राहणाऱ्यास नावे ठेवणे रास्त. पण मुलगा पहिलीत बसला म्हणूनच त्याला दोष देणे हे हास्यास्पद होय.

लेप ओतण्याची वृत्तीही आपल्याला अपरिचित नाही. घराण्याच्या चिजा बाहेर जाऊ नयेत म्हणून अर्धवट सांगणारे, अस्ताई देऊन अंतरा गिळणारे उस्ताद होऊन गेले, आणि त्यांच्याबरोबर कित्येक चिजाही गेल्या. वकिलीचे शिक्षण घेतलेले विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) गावोगाव हिंडले, या चिजा मिळवून त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा छापून मोकळ्या केल्या. तेव्हाही घरंदाजांनी कपाळास आठ्या घातल्या होत्या. स्वरलिपीत गाण्याचा प्राण उतरत नाही, हा त्यांचा आक्षेप खराही होता. परंतु प्राण उतरत नाही म्हणून देहही जाळून टाकावा काय? भातखंड्यांनी उतरविलेला सांगाडा होता म्हणून पुढच्या पिढ्यांना त्यात प्राण फुंकता आला. लेप फोडून आराखडा उतरविणारा तो अनामिक मनुष्य आणि भातखंडे यांची योग्यता एक नव्हे, हे उघडच आहे. पण दोघांच्या कृतीमागील न्याय एकच आहे.

राहता राहिला पालकांचा आक्षेप. त्याचे उत्तर देताना थोडे कटू बोलावे लागेल. 'लातूर पॅटर्न' या नावाने आमच्या भागाची कीर्ती राज्यभर झाली आहे. या पद्धतीने शेतकऱ्यांची, शिक्षकांची, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या घरांतील मुले डॉक्टर-इंजिनियर झाली, हे तिचे ऋण आम्ही कृतज्ञतेने मानतो. शिस्त, मेहनत, वारंवार कसोटी, हे तिचे गुण. परंतु तिचे आज झालेले रूप काय आहे? प्रश्नांचे संच, त्यांच्या उत्तरांचे संच, आणि पुन्हा त्यांचे संच. उत्तर का आले हे विचारण्यास वेळ नाही. कोणते आले तेवढे पुरे. हजारो मुले एकाच साच्यातील उत्तरे एकाच वेगाने उतरविण्यास शिकतात, आणि त्याच कौशल्यावर त्यांची किंमत ठरते. यास नक्कल म्हणावयाचे नाही, तर कशास म्हणावयाचे? फरक एवढाच की, पेटी बांधणाऱ्या मुलाची नक्कल चुकली तर पेटी वाजत नाही, आणि का वाजत नाही हे शोधल्यावाचून त्याची सुटका नसते. पाठ केलेले उत्तर चुकले तर मुलगा पुढच्या प्रश्नाकडे जातो. जी समजून घेण्यास भाग पाडते ती नक्कल आम्ही वाया गेलेला वेळ म्हणतो, आणि जी समजण्याची गरजच ठेवीत नाही तिला अभ्यास म्हणतो. पालकांची काळजी आम्हास कळते. घरची एकच आशा त्या मुलावर टांगलेली असते. तरी त्यांनी एवढा विचार करावा की, ज्या हातांना एकदा बिघाड शोधण्याची सवय लागली ते हात उपाशी राहत नाहीत.

आमच्या बाजूवरही एक जबाबदारी आहे, ती टाळून चालणार नाही. जो कारागीर आजही हाताने पेट्या बनवून पोट भरतो आहे, त्याची नवी पेटी बाजारात येताच उतरवून शेकड्यांनी विकणे हे कायद्यात बसत असले तरी सभ्यपणात बसत नाही. म्हणून आम्ही या मुलांपुढे तीन नियम ठेवले आहेत, आणि त्यांनी ते आनंदाने मानले. पेटीच्या आतल्या झाकणावर मूळ कर्त्याचे नाव लिहावे, त्याखाली आपले. दुसऱ्याचे नाव वा चिन्ह बाहेरून कधीही लावू नये. आणि आराखड्यात आपण जो बदल केला तो लेप न ओतता इतरांस सांगावा. ज्या मोकळेपणाचा लाभ घेतला तो मोकळेपणा पुढे चालविणे हेच त्याचे मोल. महाविद्यालयांकडून आमची मागणी त्याहून लहान आहे. नांदेडास १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ पासून विद्यापीठ आहे; लातुरास तंत्रनिकेतन आहे. प्रयोगशाळांत दोलनदर्शक आहेत, मोजमापाची साधने आहेत, आणि सायंकाळी पाचनंतर त्यांना कुलुपे लागतात. ती कुलुपे आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडावीत. मुलांनी काय जोडावे हे ठरवून देऊ नये. जोडलेले का चालत नाही हे विचारले तर सांगावे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'विद्याहरण' १९१३ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक कचाच्या बाजूने उभा राहिला आहे. कचाने केले तरी काय होते? शुक्राचार्यांनी जपून ठेवलेली संजीवनी विद्या देवांसाठी मिळवावयास तो गेला. असुरांनी त्याची राख मद्यात कालवून गुरूलाच पाजली, आणि गुरूच्या पोटातून त्याला जिवंत बाहेर यावयाचे तर गुरूचा अंत अटळ होता. म्हणून शुक्राचार्यांना ती विद्या त्याला शिकवावी लागली. कच बाहेर आला, गुरू मरून पडला, आणि शिष्याने त्याच विद्येने गुरूला उठविले. एकाच मनुष्यापाशी कोंडलेली विद्या त्या दिवशी त्याच्याबरोबरच संपली असती. ज्याला आपण हरण म्हणतो त्यानेच तिला आणि तिच्या धन्याला वाचविले. देवयानीने शाप दिला तो हा की, ही विद्या तुला स्वतःला फळणार नाही. कचाने उत्तर दिले की, मला न फळो. मी ज्यांना शिकवीन त्यांना फळेल.

आमच्या मुलांना यापेक्षा मोठा शाप कोणी देऊ शकेल, असे वाटत नाही. त्यांच्या पेट्यांतील काही खोकतील, काही जळतील, कोणाही सभागृहात त्यांचा गाजावाजा होणार नाही. पण त्यांतला एखादा उद्या कोणा धाकट्याला सळई कशी धरावी ते दाखवील, आणि तो धाकटा कदाचित ज्याची नक्कल जगाने करावी असे काही बांधील. त्या दिवशी त्याने ते लेपाखाली झाकू नये, एवढेच आमचे त्याला आताच सांगणे आहे.